मदत हवी आहे: शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष झालेय, पण पोरांच्या वाचनाचा विषय सभेत घ्यायचा कसा?

टाचणी:

नमस्कार मंडळी, इथे बरीच वर्षं नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

आमचं गाव सोलापूर जिल्ह्यात, जिल्हा परिषदेची पहिली ते चौथीची शाळा, पट ४७. जूनमध्ये मी मुलीच्या आधारची झेरॉक्स द्यायला शाळेत गेले आणि परत आले ती समितीची अध्यक्ष होऊन. पालकसभा चालू होती, गावातल्या दोन पार्ट्यांचं एका नावावर जमेना, आणि निम्म्या बायका लागतात म्हणे, मग कुणीतरी म्हणालं ह्या बीए झाल्यात यांना करा. झालं.

तेव्हापासून सहा महिन्यांत वहीत पाच सभा झाल्यात, मी एकही बघितली नाही. वही घरी येते. चौथीतला एखादा पोरगा घेऊन येतो, पेन वहीतच अडकवलेला असतो, "सरांनी सही सांगितलीय." मी पिठाचे हात पुसून सही करते आणि सभा खेळीमेळीत पार पडते. बाकीच्या बायकांच्या सह्या पण अशाच, सगळ्या एकाच निळ्या पेनाच्या. आणि खरंच काही बोलायचं असलं की फोन आमच्या ह्यांना येतो, भाऊ जरा शाळेकडं या म्हणून. अध्यक्ष मी, आणि भाऊ शाळेकडं.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं, खोटं कशाला बोलू. पण गेल्या आठवड्यात मी मशीनवर बसले होते, मुलगी (तिसरीत आहे) शेजारी धडा वाचत होती, अगदी घडाघडा, मला बरं वाटत होतं. सहज मान वळवून बघितलं तर बोट तिसऱ्या ओळीवर आणि आवाज पार पाचव्या ओळीत. पाठ होता तिला आख्खा धडा. मी त्याच धड्यातले चार शब्द कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून दिले तर एक वाचता आला, तो पण 'आई'. मग शेजारच्या चौथीतल्या पोराला हाक मारली, तेच. त्या रात्री ब्लाउजची बाही उलटी लावली मी, पुन्हा उसवावी लागली.

सरांना जाऊन भेटले. सर माणूस वाईट नाही हे आधीच सांगते, पावसात वस्तीवरची पोरं स्वतःच्या गाडीवर घेऊन येतात. ते म्हणाले ताई, शाळेला दोन पदं आहेत, दुसऱ्या मॅडम दसऱ्याच्या आधीपासून प्रतिनियुक्तीवर दुसऱ्या शाळेत, मी एकटा चार वर्ग बघतो, त्यात मीच मुख्याध्यापक, आठवड्यात एक दिवस पंचायत समितीत आणि उरलेला मोबाईलवर माहिती भरण्यात. हे पटलं मला. पण पुढं म्हणाले, शिकवण्याच्या बाबतीत समितीला बोलता येत नाही, समितीचं काम म्हणजे रंगरंगोटी, पोषण आहार आणि पंधरा ऑगस्ट.

हे खरं आहे का? आणि आम्ही तिसरा शिक्षक मागायचा का, कारण दोनात चार वर्ग कसे व्हायचे? बायकांना सभेला आणायचं कसं, सभा अकराला असते आणि तेव्हा सगळ्या रानात. २७ तारखेला पुढची सभा आहे, ती मला खरीखुरी घ्यायचीय. सरांशी वाकडं न घेता. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

रोखठोक:

सरळ माहिती अधिकार टाका ताई. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, अनुदान किती आलं, कशावर खर्च झालं, शिक्षक किती दिवस हजर. ३० दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. दोन अर्ज गेले की सगळे सुतासारखे सरळ येतात.

कालवा:

मुलीला तालुक्याच्या इंग्लिश मीडियमला घाला, व्हॅन येत असेलच. समिती बिमिती काही होत नसतं.

टाचणी:

@कालवा, व्हॅन येते. समितीतल्या दोघांची पोरं त्याच व्हॅनमधून जातात आणि ते अजून आमच्या शाळेचे सदस्य आहेत. व्हॅन परवडणारे गेले की शाळेत मजुरांची पोरं राहतात, त्यांनी कुठं जायचं? आणि त्यातल्या एकाला मी वाचायला दिलं होतं, इंग्लिश मीडियम तिसरी, त्याला मराठी पण येईना आणि इंग्रजी पण. असो.

जुना खडू:

टाचणीताई, मी केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झालोय, बावीस शाळांचं इतिवृत्त तपासलंय, तेव्हा निळ्या पेनाची गोष्ट नवीन नाही मला. आमच्या सह्या पण त्याखाली आहेत हे प्रामाणिकपणे सांगतो.

सरांनी सांगितलं ते चूक आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला, त्याचं कलम २१ काढून वाचा. समितीत किमान तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला, आणि कामं कोणती तर शाळेच्या कामकाजावर देखरेख, शाळा विकास आराखडा तयार करणं, आलेल्या अनुदानाचा विनियोग बघणं. आता शाळेचं कामकाज म्हणजे शिकवणं नाही तर काय पताका लावणं? शिवाय कलम २४ शिक्षकांसाठी आहे, त्यात प्रत्येक मुलाची शिकण्याची पातळी तपासायची, मागे असेल त्याला जादा शिकवायचं, आणि पालकांना नियमित भेटून हजेरी, प्रगती सांगायची हे शिक्षकाचं कर्तव्य म्हणून लिहिलंय. तुम्ही सरांना शिकवायचं कसं ते सांगू नका, तो अधिकार तुमचा नाही. पण किती पोरांना वाचता येतं हे विचारणं हा पुरेपूर तुमचा अधिकार आहे.

तिसऱ्या शिक्षकाचं मात्र डोक्यातून काढून टाका. कायद्याच्या परिशिष्टात ६० पटापर्यंत दोनच शिक्षक आहेत, तिसरा ६१ व्या पोराला मिळतो. ती मागणी घेऊन गेलात की साहेब हसून नियम दाखवतील आणि विषय तिथंच मिटेल, मी स्वतः असा मिटवलेला आहे. तुमचं म्हणणं एवढंच ठेवा की मंजूर दोन आहेत आणि वर्गात एकच उभा आहे, आमच्या मॅडम परत द्या. समितीचा ठराव करा, सूचक अनुमोदक नावासकट, त्याची प्रत जोडून गटशिक्षणाधिकाऱ्यांना अर्ज, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे दिलाच नाही असं समजायचं. नाहीच हाललं तर कलम ३२ खाली जिल्हा परिषदेकडं लेखी तक्रार, तिच्यावर तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो, त्याच्यावर अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडं. पण तिथपर्यंत जायची वेळ बहुतेक येत नाही.

आणि माहिती अधिकार आत्ताच टाकू नका. ज्या कॅशबुकवर देखरेख करायचा हक्क तुम्हाला कायद्यानं आहे ते सभेत मागायचं, त्यासाठी तिकीट कशाला?

रोखठोक:

सभेत मागितलं आणि दिलं नाही तर? तुम्ही केंद्रप्रमुख होता म्हणून तुम्हाला मिळत होतं, हलके घ्या.

जुना खडू:

नाही दिलं तर 'मागितलं, दिलं नाही' असं इतिवृत्तात लिहायला लावायचं. त्या एका ओळीला मुख्याध्यापक तुमच्या दहा अर्जांपेक्षा जास्त घाबरतो.

झेडपीवाला:

मी शिक्षक आहे, नगर भागात, द्विशिक्षकी शाळा. दुसरी बाजू पण ऐका. माझ्या चौदा वर्षांच्या नोकरीत पालक आलेत ते तांदळासाठी, गणवेशासाठी, शिष्यवृत्तीच्या बँक खात्यासाठी, एकदा वर्गाच्या खिडकीवरून भांडायला. माझ्या पोराला वाचता येतं का असं विचारायला आलेले पालक एका हाताच्या बोटावर मोजून वर एखादं बोट शिल्लक राहील. वरून पण फोन येतो तो फोटो अपलोड झाले का म्हणून. कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसरं काम लावता येत नाही, पण ऑनलाईन माहितीला शैक्षणिकच म्हणतात ना, मग काय करता. त्यामुळे सर वाकडं बोलले असतील तर ते थकून बोललेत असं समजा.

आता कामाचं. सभेच्या आधी सरांसोबत बसून (सरांसोबतच, मागून नाही) तिसरी चौथीच्या प्रत्येक पोराला पाच मिनिटं वाचायला द्या. 'असर'वाले (गावोगाव पोरांचं वाचन तपासणारा सर्व्हे) करतात तसं, आधी एक सोपा परिच्छेद, आला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट, नाही आला तर शब्द, ते पण नाही तर अक्षरं. पुस्तकातला धडा देऊ नका, तो पाठ असतो हे तुम्ही बघितलंच. प्रत्येक पोर चारातल्या कुठल्या पायरीवर आहे एवढंच लिहायचं, मार्क नाही. मग रोज एक तास इयत्ता विसरून पातळीप्रमाणे गट करून बसवायचं, अक्षरवाले एकीकडं, गोष्टवाले एकीकडं. एकट्या माणसाला चार वर्ग शिकवण्यापेक्षा हे सोपं जातं, शप्पथ. गावातली एखादी बारावी झालेली पोरगी तासभर येऊन बसली तर अजून छान.

दूरदेशी:

थोडं अवांतर. आम्ही कॅलिफोर्नियात आहोत, इथं स्कूल बोर्ड निवडून येतं आणि सभा कुणालाही ऐकता येते, माईकवर जाऊन दोन तीन मिनिटं बोलताही येतं. १९५३ चा ब्राऊन अॅक्ट म्हणून कायदा आहे, त्यात नेहमीच्या सभेचा अजेंडा ७२ तास आधी लावावा लागतो आणि अजेंड्यावर नसलेल्या विषयावर निर्णय घेता येत नाही. बाकी इथंही अर्धा वेळ पार्किंगवर जातो, फार कौतुक नको! पण अजेंडा तीन दिवस आधी बाहेर फळ्यावर लावायचा हे तुमच्याकडं फुकटात जमेल. वही घेऊन पोरगा दारात यायच्या आत बायकांना विषय तरी कळेल.

जुना खडू:

+१. आणि वेळ बदला. अकराची सभा मास्तरांच्या सोयीची, संध्याकाळी सातला घ्या, देवळात घेतली तरी चालेल. 'भाऊंना' मात्र दाराबाहेर बसवा, सदस्य नाहीत ते.

एक राहिलं, अनुदान. ३१ ते १०० पटाच्या शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून वर्षाला २५,००० संयुक्त शाळा अनुदानाचा निकष आहे, त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर. लाईटबिल, खडू, दुरुस्ती सगळं त्यातच, तेव्हा फार गबर समजू नका. पण गोष्टीची पुस्तकं किती आली आणि कुठल्या कपाटात कुलूपबंद आहेत हे विचारा. हमखास असतात.

टाचणी:

अपडेट द्यायला आले, उशीर झाला, लग्नसराईचे ब्लाउज होते.

सभा झाली. सातला बोलावली, सुरू झाली पावणेआठला. सचिव (म्हणजे सरच) सोडून आम्ही १३, त्यातले ९ आले, ६ बायका. अजेंडा सरांच्याच अक्षरात शनिवारी फळ्यावर लागला होता, त्यांना मी आधी जाऊन सगळं सांगितलं होतं, पहिल्यांदा गप्प बसले, मग म्हणाले मॅडमचा ठराव होत असेल तर मी स्वतः सूचक होतो. सचिवाला सूचक होता येतं का माहीत नव्हतं म्हणून आम्ही ते नाव एका आजीचं घातलं, नातू दुसरीत आहे, पालक म्हणून त्याच आहेत. आजींनी आयुष्यात पहिल्यांदा ठराव मांडला आणि मग विचारलं की आता मला कोर्टात जावं लागंल का.

वाचून बघितलं ते पण सांगते. तिसरी चौथीची २३ पोरं, मी आणि सर दोन दुपार बसलो. गोष्ट वाचता आली ७ जणांना. परिच्छेदावर ४, शब्दावर ६, अक्षरावर ५, आणि एकाला अक्षरं पण नाहीत, तो ऊसतोडीला जाऊन येऊन असतो. माझी पोरगी शब्दावर. सर कागदाकडं बघत राहिले, म्हणाले मला वाटलं होतं त्यापेक्षा वाईट आहे, आणि मग म्हणाले नाही, खरं तर एवढंच वाटलं होतं.

कपाट उघडलं. पुस्तकं होती, दोन गठ्ठे, सुतळी पण सोडली नव्हती. रोज दुपारी तीन ते चार या वेळेत गट बसतायत आता, आमच्या गल्लीतली एक मुलगी येते, तिला काय द्यायचं ते ठरलेलं नाही, सध्या मी तिचे ड्रेस फुकट शिवून देणार. व्हॅनवाल्या दोघांपैकी एकजण चिडलेत. मॅडम अजून आलेल्या नाहीत, पण अर्जाची पोच आवक क्रमांकासह माझ्या मशीनच्या ड्रॉवरमध्ये आहे.

आता अडलंय ते इथं. वाचनाचे आकडे इतिवृत्तात लिहायचे का? सर म्हणतात तोंडी राहू दे, वर गेलं तर नोटीस मलाच येईल, मॅडमला नेणाऱ्या साहेबांना नाही. आणि त्यांचं खोटं पण नाही. मला त्यांना अडकवायचं नाहीये, पण नाही लिहिलं तर पुढच्या जूनमध्ये कुणाला काय सांगणार की काय होतं आणि काय झालं?

झेडपीवाला:

नोटिशीची भीती खरी आहे. मी असतो तर मीही नाहीच म्हटलं असतं.

जुना खडू:

लिहा. पोरांची नावं नको, पातळी आणि आकडा एवढंच. आणि आकड्यांच्या वर, त्याच पानावर, पहिलं वाक्य हे लिहा की अमुक तारखेपासून मंजूर दोनपैकी एकच शिक्षक कार्यरत आहे. ते वाक्य वर असलं की खालचे आकडे सरांच्या विरोधात जात नाहीत, अर्जाच्या बाजूनं जातात. सरांना ते पान लिहायच्या आधी वाचून दाखवा.

टाचणी:

हे सुचलंच नव्हतं. उद्या जाते शाळेत. या वेळी पेन माझा नेते, काळा.