जोगळटेंबीची नाणी की पांडवलेण्यांतले लेख: आधी कोणाचं ऐकायचं?

छापेकर
दोन्ही हाताशी असतील तर आधी नाणं. नाशिकजवळच्या पांडवलेण्यांच्या तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीची प्रशस्ती (स्तुतीचा लेख) तिच्या मुलाला, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीला, क्षहरातांचा, म्हणजे नहपान राजाच्या घराण्याचा, वंश निःशेष करणारा म्हणते. पण ती कोरली नातवाच्या, म्हणजे पुळुमावीच्या, १९व्या राज्यवर्षी, आणि कोरवून घेणारी गौतमीपुत्राची आई. याउलट १९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंबीला नहपानाची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी मिळाली. त्यांतल्या ९ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्राने आपली चिन्हं उमटवली आहेत: एकीकडे तीन कमानींचा डोंगर, दुसरीकडे उज्जैन चिन्ह (अधिक चिन्हाच्या चार टोकांना चार गोल). ही कुणा भाटाची रचना नव्हे.

लेणीवाचक
छाप तरी कोणाचा? राजाचाच. तोही जाहीरनामाच झाला. शिवाय नहपानाच्या नाण्यांवर वर्ष नाही. ४१, ४२, ४५ ही वर्षं नाशिकच्या लेखांतली, ४६ जुन्नरच्या लेखातलं, नहपानाचा मंत्री अयम याच्या.
आणि प्रत्येक लेख प्रशस्ती नसतो. त्याच लेण्यात गौतमीपुत्राचा १८व्या वर्षीचा हुकूम आहे: नहपानाचा जावई उषवदात याच्याकडे असलेलं २०० निवर्तनांचं (निवर्तन हे जमिनीचं जुनं माप) शेत भिक्षूंना द्या. २४व्या वर्षी दुसरा हुकूम: ते शेत कसलं जात नाही, गाव वसत नाही, म्हणून दुसरीकडे १०० निवर्तनं द्या. गाव ओस का, ते लेख सांगत नाही, त्यामुळे ते थेट युद्धाच्या माथी मारू नये. पण हे दुखणं कोणत्या नाण्यावर दिसलं असतं?

छापेकर
हा मुद्दा बिनतोड, मान्य. वर्षांचं मात्र पटत नाही. तिथे संवताचं (कालगणनेचं) नाव नाही. शक धरला तर ४६ म्हणजे इ.स. १२४. राज्यवर्ष धरलं तर इसवी सनाशी सांधाच उरत नाही.

तोळामासा
दोघेही वाचन बिनचूक असल्याचं गृहीत धरताय. घोटाळा तिथेच होतो. दुहेरी छापाचं नाणं चिंचेने किंवा आम्लाने घासलं की खालचा छाप आधी जातो, कारण तो मुळातच दबलेला असतो. आधी ०.०१ ग्रॅमपर्यंत वजन, मग एका बाजूने तिरपा उजेड टाकून दोन्ही बाजूंचे फोटो. नाणं फिरवत जुना चेहरा सरळ आणायचा आणि कडेला उरलेली ग्रीक अक्षरं शोधायची. जी रेघ दुसरीला अखंड कापून जाते, ती वरची. बाजारातून आलेल्या सुट्या नाण्याचं सापडण्याचं ठिकाण हरवलेलं असतं, त्यावरून राज्याची हद्द आखूच नये.

लेणीवाचक
लेखांच्या कागदी ठशांनाही हेच लागू. ओला कागद ब्रशने ठोकून शाई लावली की दगडातला खड्डा अनुस्वारासारखा उमटतो. शंका आली की प्रत्यक्ष भिंत पाहायची, त्याच ठशाची दुसरी प्रत नव्हे.

हिशेबी
उषवदाताचा लेख तर आकड्यांनीच तपासता येतो. गोवर्धनच्या विणकर श्रेणीकडे (संघाकडे) २,००० कहापण (त्या काळचं नाणं) ठेवले, व्याज दरमहा शेकडा १. वर्षाचे झाले २४०. लेखात २० भिक्षूंना प्रत्येकी १२ चीवरासाठी (भिक्षूच्या वस्त्रासाठी). हिशेब तंतोतंत! अशा लेखाला मी पोकळ स्तुती म्हणणार नाही. त्याच लेखात ३५ कहापणांचा एक सुवर्ण (सोन्याचं नाणं), म्हणून ७०,००० कहापण म्हणजे २,००० सुवर्ण. पण हा कहापण म्हणजे जोगळटेंबीचंच चांदीचं नाणं, हे आपण जुळवतो. त्या नाण्यांवर राजाचं नाव आहे, नाण्याचं नाही.