लिंबाच्या घटावर बल्ब का पेटत नाही

एकांनी विचारलंय की प्रत्येकात तांब्याची आणि जस्ताची पट्टी खोचून चार लिंबं एकसर (एकापुढे एक) जोडल्यावर मल्टिमीटर साडेतीन व्होल्ट दाखवतो, मग टॉर्चचा बल्ब का पेटत नाही? मीटर जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही, म्हणून आकडा छान दिसतो. बल्बला मात्र दोन-तीनशे मिलिअँपिअर लागतात आणि लिंबाच्या घटातून जेमतेम एखादा मिलिअँपिअर निघतो. घटाचा अंतर्गत रोध, म्हणजे आतूनच प्रवाहाला होणारा अडथळा, इतका, की बल्ब जोडताच व्होल्टेज कोसळतं. लाल एलईडी लावून पाहा. लांब पाय तांब्याकडे, खोलीत अंधार, मिणमिणेल.

आणि ऊर्जा लिंबातून येते हे डोक्यातून काढा. झिजतं ते जस्त. लिंबाचा रस फक्त आयनांची ये-जा करू देतो आणि तांब्यापाशी हायड्रोजन आयन पुरवतो. तांबं तर नुसतं उभं असतं! म्हणून प्रयोगवहीत 1.1 व्होल्ट लिहू नये. ती किंमत डॅनियल घटाची; त्यातही जस्त-तांबंच असतं, पण तांब्याभोवती मोरचुदाचं (कॉपर सल्फेटचं) द्रावण लागतं. इथे 0.9 च्या आसपासच मिळतं.

जाता जाता, आणखी एकांनी पाण्याच्या अपघटनासाठी, म्हणजे वीज सोडून पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे करण्यासाठी, पाण्यात मीठ घालायला सांगितलंय. नका घालू, धनाग्रावर (बॅटरीच्या धन टोकाला जोडलेल्या तारेवर) क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. खायचा सोडा घाला. तांब्याच्या तारा बुडवल्यात तर धनाग्राची तारच विरघळून पाणी हिरवट-निळं होईल; दोन्ही टोकं तासलेल्या पेन्सिली बऱ्या.