जुन्या आज्ञांचं पान राहू द्या

स्टाटा या सांख्यिकी सॉफ्टवेअरमधल्या मागे पडलेल्या आज्ञांची मदतपानं पाहून नवखे गोंधळतात, म्हणून ती काढावीत, असं इथे सुचवलं गेलंय. गोंधळतात, हे मान्य. पण म्हणून ती काढूनच टाकायची, हे नाही पटत. स्टाटात दोन फाइली जोडणाऱ्या 'मर्ज' आज्ञेची रचना २००९ मध्ये, ११व्या आवृत्तीत बदलली. माझ्याकडची रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावरच्या मासळीच्या आवकेची डू-फाइल, म्हणजे ओळीने आज्ञा लिहिलेली फाइल, त्याआधीची. आधी 'सॉर्ट' करून क्रम लावायचा, मग बोटीच्या नंबरावर नुसतं 'मर्ज'. एका ओळीला एकच ओळ जोडायची की अनेक ओळींना एक, हे कुठेच लिहिलेलं नाही! पावसाळ्यात बोटी किनाऱ्याला लागल्यावर ती सुधारायला बसले, तेव्हा जुन्या पानानेच उलगडा झाला.

फाइलीच्या डोक्यावर 'व्हर्जन १०' लिहिलं तर जुनी रचना आजही चालते. मग तिचं पान का घालवायचं? वर ठळक 'जुनी' लिहा, शेजारी नवी आज्ञा द्या.