सुपारी 'लागते' की 'चढते'?

ओसरी: एका असमिया कथेचा अनुवाद करतेय (इंग्रजीवरून, पाप कबूल). पाहुणा ओल्या सुपारीचं तामूल खातो, कानशिलं तापतात, दरदरून घाम येतो, भिंत धरून बसतो. मी लिहिलं, 'त्याला नशा चढली.' दापोलीची आत्या फणकारली, "नशा दारूची गं. सुपारी लागते!" पण 'सुपारी लागली' म्हटलं तर आजचा वाचक घशात अडकली असंच समजेल ना?

गावठाण: आत्या बरोबर. भांग चढते, दारू चढते. सुपारी नि तंबाखू लागते. चढणाऱ्यात मजा असते, लागणाऱ्यात नुसती धडधड. माझी पहिली चिमूट बांधावर लागली. उसाला पाणी पाजायचं सोडून मीच सरीत आडवा.

शुद्धमती: मुळात 'नशा' हवाच कशाला? 'मद' आहे की आपला.

दगडफूल: लिहा 'मद', वाचक हत्ती शोधत बसेल. नशा, कैफ, अंमल तिन्ही अरबीतून आले आणि कधीच घरचे झाले. पेशव्यांचा अंमल आणि भांगेचा अंमल, शब्द एकच; दोघंही राज्यच करतात. उलट सरकारी मराठी बघा. १९८५ च्या कायद्याच्या नावात 'गुंगीकारक औषधिद्रव्ये' आहे. त्यात कोकेनही येतं. कोकेननं गुंगी येते? झोप उडते!

शुद्धमती: मूळ अरबी 'अमल'. मग मराठीत अनुस्वार कुठून आला?

सातवीण: हत्तीवरून आठवलं. २०२४ च्या ऑक्टोबरअखेर बांधवगडला १० हत्ती मेले, दोष कोदोच्या पिकावर आला. कोदो म्हणजे आपला हरीक. आजी सांगायची, माजरा हरीक खाल्ला की गुरं झुलतात. करामत दाण्यावरच्या बुरशीची. आणि शुद्धमती, 'माजणे' हे संस्कृत 'माद्यति'चं प्राकृतातून आलेलं रूप. तुमचा मद केव्हाच गोठ्यात पोचलाय.

गावठाण: म्हणजे म्हैस माजावर येते ती...

सातवीण: तीच. आणि पैशाचा माजही तोच.

गावठाण: तो मात्र उतरत नाही. आमच्या भावकीत दोन नमुने आहेत, जमीन विकल्यापासून...

ओसरी: अहो, माझा पाहुणा अजून भिंत धरून बसलाय! उद्या मजकूर द्यायचाय.

गावठाण: गूळ द्या त्याला. वर थंड पाणी.

शुद्धमती: अनुस्वाराचं कुणीच बोललं नाही.