अनुभव धागा : आधी गळा की आधी व्हायोला?

लेकीची दहावी संपली आणि एप्रिलच्या शेवटच्या रविवारी तिचा पहिला स्वतंत्र कार्यक्रम झाला. अर्धा वेळ गाणं, अर्धा वेळ व्हायोला, म्हणजे व्हायोलिनसारखंच पण थोडं मोठं, खालच्या सुराचं वाद्य. विजापूर रोडकडचा भाड्याचा हॉल, खुर्च्या ऐंशी, माणसं साठेक, त्यातली निम्मी आमचीच. सोलापूरचा एप्रिल, संध्याकाळी सहालाही पायरी चटके देत होती.

पत्रिकेवर ‘गायन व व्हायोला’ छापलं होतं. दारातच तिघांनी सांगितलं, ‘अहो, व्हायोलिनचं व्हायोला झालंय, प्रेसवाल्याला झापा.’ एका काकांनी तर खिशातलं पेन काढून स्वतःच्या पत्रिकेवर दुरुस्तीही केली. मी काही बोलले नाही. ओळखीची मंडळी आहेत, उगाच कशाला.

खरी धुसफूस आधीच्या आठवड्यात झाली होती. गाण्याच्या ताई म्हणाल्या, गळा ताजा असतो तेव्हाच गाणं, म्हणजे आधी. व्हायोलाचे सर म्हणाले, आधी वाद्य. दोन गुरू, एक मुलगी आणि मध्ये मी, चहाचा ट्रे धरून. शेवटी काय केलं ते तीच लिहील. तुमच्याकडे असे कार्यक्रम झाले असतील तर लिहा. पालक, साथीदार, नुसते ऐकायला गेलेले, सगळेच.

* * *

मी लेक. आईला वाटतंय भांडण गुरूंचं होतं. भांडण तारांचं होतं.

माझा गाण्याचा सा हार्मोनियमची पांढरी पाच, म्हणजे पाश्चात्त्य नावाने जी. व्हायोलाच्या तारा जाडीकडून सी, जी, डी, ए. माझ्या सा वरून मोजल्या तर खालचा म, सा, प आणि वरचा रे. टेलेमान या जर्मन संगीतकाराचा व्हायोला कॉन्सर्टो (वाद्यवृंदासोबत वाजवायची रचना) जी मेजरमध्येच, म्हणजे जी हाच सा धरून आहे, त्यातल्या दोन मूव्हमेंट (भाग) मी वाजवल्या; त्याला ह्याच तारा लागतात. नंतर वाजवायचा होता राग भूप. भूपात म नाहीच! आणि माझी सगळ्यात जाड तार मोकळी सोडली की म बोलणार. म्हणून सर प सा प सां लावायला सांगतात. सीची तार एक स्वर वर, एची एक स्वर खाली.

वाटतं तितकं सोपं नाही. चढवलेली तार लगेच जागेवर बसत नाही, पंधरा-वीस मिनिटं हळूहळू उतरत राहते. उतरवलेली उलटी वर सरकते. लोकांसमोर बसून खुंट्या पिळत राहणं किती लाजिरवाणं असतं ते एकदा क्लासमध्ये भोगलंय. म्हणून आम्ही टेलेमान आधी घेतला, पडद्यामागे तारा फिरवल्या, वाद्य पेटीत ठेवलं आणि मी यमन गायला बसले. गाणं संपेपर्यंत तारा निवल्या. भूपाच्या वेळी फक्त एक खुंटी जराशी हलवावी लागली.

पण ताईंचंही खोटं नव्हतं. व्हायोला हनुवटीखाली धरून वीस मिनिटं वाजवलं की जबडा आवळतो, मान एका बाजूला राहते. यमनचा पहिला सा मी घशातून लावला, मलाच कळलं. नि वर जाईपर्यंत आवाज मोकळा झाला नव्हता. रेकॉर्डिंग ऐकवत नाही.

* * *

तबल्यावर साथ करतो, तीसेक वर्षं. आम्हाला कुणी विचारत नाही म्हणून इथं लिहितो.

ह्या मुलीचं नशीब, गळ्याचा आणि वाद्याचा सा एकच. मी एका मुलाला साथ केली होती, तो गायचा काळी एकमध्ये आणि व्हायोला वाजवायचा पांढरी पाचमध्ये. म्हणजे मला दोन दायां (उजव्या हाताचे तबले) न्यावे लागले, आणि मध्यंतर नसताना मध्यंतर झालं. मी हातोडी घेऊन ठोकतोय तोवर अर्धा हॉल चहाला बाहेर. लोक परत आले तेव्हा ‘झाला’, म्हणजे शेवटचा जलद भाग, सुरू झाला होता. पालकांनो, साथीदारांना आठवडाभर आधी दोन्ही सा कळवा. एवढंच.

* * *

आमच्या चिरंजीवांची गोष्ट मे महिन्यातली. घरून निघताना सगळं व्यवस्थित लावलेलं. पेटी स्कूटरला पुढे उभी ठेवून भर दुपारी अशोक चौकातून आलो. हॉलवर उघडली तर दोन तारा लोळत पडलेल्या, घोडी आडवी. कोरड्या हवेत लाकूड आकसतं, खुंटी भोकात सैल होते आणि सुटते. हे मला नंतर समजलं. तेव्हा फक्त घाम समजत होता.

नशिबाने हॉल शाळेचा होता. फळ्याखालचा खडू घेतला, खुंटीला घासला, आत दाबत पिळली. घोडी उभी करताना हात थरथरत होते, कारण वाद्याच्या पोटात एक छोटी दांडी नुसत्या दाबाने उभी असते, तीही पडली असती तर खेळ खलास. आतली दांडी वाचली. तेवढा वेळ चिरंजीव गात होते, यादीत दोन होती तरी चार गाणी झाली. म्हणजे ‘आधी गळा’ हा आमच्याकडे निर्णय नव्हता, नाइलाज होता.

तेव्हापासून पेटीत ओलसर स्पंजची डबी असते आणि पेटी रिक्षातून, मांडीवर.

* * *

मी पूर्व भागात राहते. शेजारी यंत्रमाग. दिवसभर खटाक् खटाक्. व्हायोलिनचा वरचा आवाज त्यातून निसटून ऐकू येतो, पण व्हायोलाची जाड तार मागाच्या आवाजात गुडूप. नातू मागाला सुट्टी असते त्या दिवशीच ती तार वाजवायचा. कार्यक्रमात त्याने ती पहिल्यांदा सलग वाजवली आणि मला वाटलं कुणी पुरुष गुणगुणतोय. मागे वळून पाहिलं हो मी.

* * *

पाश्चात्त्य संगीत शिकवते, म्हणून थोडी भर. गळा आणि व्हायोला आळीपाळीनेच का, एकत्र का नाही? जर्मन संगीतकार ब्राम्स यांनी खालच्या पट्टीचा स्त्रीआवाज, व्हायोला आणि पियानो अशी दोन गाणी लिहिली, 1884 साली ती छापली गेली. त्यातली एक अंगाई. त्यांचे मित्र व्हायोलिनवादक योआखिम, आणि त्यांची पत्नी गायिका; त्यांच्या घरच्या बाळासाठी तिचा जन्म. तिच्यात गायिका तोंड उघडायच्या आधी व्हायोला एक जुनं नाताळगीत वाजवतो. वाद्य आणि आवाज साधारण एकाच उंचीवर चालतात, म्हणून एकमेकांवर ओरडावं लागत नाही.

आपल्याकडे हे अवघड नाही. ख्यालाला सारंगीची साथ असतेच की. फक्त गाणारी एक, वाजवणारी दुसरी हवी. आणि हो, नोटेशन मागवताना व्हायोलाचंच मागवा. त्याची क्लेफ (कोणत्या रेषेवर कोणता सूर ते सांगणारी खूण) वेगळी, मधल्या रेषेवर मधला सी. माझ्या एका विद्यार्थिनीने व्हायोलिनची पानं छापून आणली होती, रंगीत.

* * *

(मूळ धागा लिहिणारी)

सगळ्यांचं वाचलं. खडूचा तुकडा आजच पेटीत टाकला. लेक म्हणते पुढच्या वेळी दोन वाद्यं हवीत, एक सी-जी-डी-एला लावलेलं, एक प-सा-प-सां ला, म्हणजे गाणं पहिलं घेता येईल आणि ताईही खूश. मी किंमत विचारली आणि विषय बदलला.

* * *

ताई, आमच्याकडे पंधरा इंची व्हायोला पडून आहे, मुलगी हॉस्टेलला गेली. गज नवा घ्यावा लागेल, केस गेलेत. जुळे सोलापूरला राहतो. संध्याकाळी सातनंतर कधीही या, मुलीला घेऊन या म्हणजे हाताला बसतो का ते तिथंच बघता येईल.