ताओर्मिना (सिसिली): इतिहास कळेल असं कसं फिरावं?

निळासावळा:
ऑक्टोबरमध्ये आईला घेऊन सिसिलीला जातोय. मुक्काम कातानियात. ताओर्मिनाचे व्हिडिओ बघावेत तर सगळीकडे तीच बोगनवेल आणि तोच निळा समुद्र. आईला इतिहासाचं वेड आहे, पण गुडघे कुरकुरतात. गाव डोंगरावर आहे म्हणे. एका दिवसात उरकेल का? चढ किती? आणि सुरुवात कुठून करावी?

बॅकपॅकवाला:
एक दिवस पुरतो. कातानियाहून थेट बस वर गावापर्यंत जाते, तीच घ्या. ट्रेनने गेलात तर स्टेशन खाली समुद्राकाठी आहे, तिथून पुन्हा बस. ग्रीक थिएटर बघा, कोर्सो उंबेर्तो या मुख्य रस्त्यावर फिरा, ग्रानिता (बर्फाळ सरबत) आणि ब्रियोश (मऊ पाव) खा. झालं.

दगडधोंडे:
बॅकपॅकवाले, ‘झालं’ काय! जमलं तर एक रात्र राहाच. दिवसभर क्रूझवाल्यांच्या झुंडी असतात, त्या संध्याकाळी ओसरल्या की गाव चालण्याजोगं होतं.

निळासावळा, माझं ऐकाल तर सुरुवात ताओर्मिनात करूच नका. आधी खाली जार्दिनी-नाक्सोसला उतरा. सिसिलीतली पहिली ग्रीक वसाहत ती, परंपरेने इ.स.पू. ७३४ ची. इ.स.पू. ४०३ मध्ये सिराक्यूज या सिसिलीतल्याच नगराच्या हुकूमशहा डायोनिसियसने ती उद्ध्वस्त केली. पांगलेल्या नाक्सोसकरांना ३५८ मध्ये अँड्रोमाकसने वर डोंगरावर आणून वसवलं. इतिहासकार टिमेयस हा अँड्रोमाकसचाच मुलगा. म्हणजे आज जिथे महागडी हॉटेलं आहेत ते गाव मुळात खालून हाकललेल्यांचं. नाक्सोसच्या उत्खननात लिंबू-ऑलिव्हच्या झाडांमधून काळ्या लाव्हाच्या दगडांची तटबंदी दिसते. वेडेवाकडे दगड, पण सांधे असे घट्ट बसवलेत की बघत राहावं. पर्यटक फारसे फिरकत नाहीत आणि जमीन सपाट, आईंना सोयीचं.

मग वर. समुद्रापासून साधारण २०० मीटर. थिएटरला सकाळी दार उघडताच जा. एटना ज्वालामुखी नैर्ऋत्येला आहे, त्यामुळे सकाळचं ऊन थेट त्याच्यावर पडतं. दुपारी सूर्य त्याच्या मागे जातो, आणि शिखरावर ढगही जमू लागतात. थिएटर मूळ ग्रीकांचं, पण दिसतं ते बहुतेक रोमनांनी पुन्हा बांधलेलं, म्हणून एवढी लाल वीट. पुढे त्यांनी इथे ग्लॅडिएटर लढवले आणि त्यासाठी खालच्या रांगा काढून टाकल्या. रंगमंचामागची भिंत मधोमध कोसळली आहे आणि नेमक्या त्या खिंडारातून एटना दिसतो. पडझडीने एवढं भलं क्वचितच कुणाचं केलं असेल!

कोर्सोच्या सुरुवातीचा पलाझ्झो कोर्वाया हा जुना वाडा चुकवू नका, १४११ मध्ये सिसिलीची संसद इथे भरली होती. शेजारच्या सांता कातेरिना चर्चच्या मागे छोटं रोमन ओडिऑन (गाण्या-वाचनाचं लहान नाट्यगृह) आहे. चर्च त्याच्याच अंगावर बांधलंय, लोक समोरून निघून जातात.

सावित्रीची_लेक:
दगडधोंडे, मस्त प्रतिसाद. गुलामांच्या बंडाचा इथे काही संबंध होता ना?

दगडधोंडे:
होता तर. इ.स.पू. १३५ च्या सुमारास सिसिलीत गुलामांचा पहिला मोठा उठाव झाला, त्यात हे गाव त्यांच्या ताब्यात होतं. १३२ मध्ये रोमन सेनापती रुपिलियसने वेढा घालून उपाशी मारलं. आतली माणसं एकमेकांना खाऊ लागली, असं प्राचीन इतिहासकार डायोडोरस लिहितो. शेवटी आतल्याच सॅरापिऑनने दगा दिला. पकडलेल्यांचे हाल करून त्यांना कड्यावरून फेकलं. कोर्सोवरच्या एकाही दुकानात याचं पोस्टकार्ड मिळत नाही, हे सांगायला नकोच. उंचीवरचं गाव घ्यायला अवघड, म्हणूनच इ.स. ९०२ पर्यंत बायझंटाइनांनीही (पूर्व रोमन साम्राज्याने) ते धरून ठेवलं. मग अरब आले, १०७९ मध्ये नॉर्मन.

निळासावळा:
आईला वाचून दाखवलं. ती म्हणते, ‘समुद्र नाही बघितला तरी चालेल, ते नाक्सोस बघायचं.’ 😄 पण इसोला बेल्ला या बेटाकडे उतरायला पायऱ्या किती आहेत?

दगडधोंडे:
भरपूर. रस्त्यावरून किनाऱ्यापर्यंत उतरा आणि तेवढंच चढून या, शिवाय किनाऱ्यावर गोटे. आईंना केबल कारने खाली मात्सारोच्या किनाऱ्यापर्यंत न्या, समुद्र तिथेही आहे. बेटाचं दर्शन वरूनच छान होतं. ते १८९० मध्ये फ्लॉरेन्स ट्रेव्हेलियन या इंग्रज बाईंनी विकत घेतलं होतं. गावातली सार्वजनिक बागही मूळ त्यांचीच, विटा, लाकूड, लाव्हा असं हाताला लागेल ते घेऊन उभारलेले विचित्र मनोरे आहेत तिथे. बाकं आहेत, सावली आहे, एटना समोर. आईंचा दुपारचा मुक्काम तिथेच ठेवा.

बॅकपॅकवाला:
बरं, मी हरलो. 🙏 कास्तेलमोला हे गाव मात्र मी सुचवणार. अजून वर, ५२९ मीटरवर आहे, बस जाते. बदामाची वाइन तिथलीच घ्या.

निळासावळा:
दोघांचेही आभार. एक रात्र वर राहतोय. हॉटेल कोर्सोच्या जवळ बघू की बस स्टँडच्या?

दगडधोंडे:
बस स्टँडजवळ, पोर्ता मेस्सिना या जुन्या वेशीच्या बाजूला. कोर्सोवर गाड्या येत नाहीत, बॅगा तुम्हालाच ओढाव्या लागतील.