मालिकेचं पार्श्वसंगीत ज्यानं रचलं, क्यू शीटवर नाव त्याचंच हवं

मंद्र:
संगीतकाराचे सहायक पार्श्वसंगीताचे जे तुकडे स्वतः रचतात, त्यांवर संगीतकार म्हणून त्यांचंच नाव लागलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. मी एका दैनंदिन मालिकेचं प्रोग्रॅमिंग करायचो, म्हणजे संगणकावर पार्श्वसंगीत बसवायचो. रात्री संकलन संपून लॉक झालेला एपिसोड यायचा, सकाळी मिक्सिंगला द्यायचा. सून दार लावून पत्र उघडते तिथपासून सासूची हाक येईपर्यंतची सारंगीची ओळ, खालचा पॅड (लांबवलेले सूर), मधली शांतता, सगळं मी बसवलेलं. आमच्या सरांची, म्हणजे मुख्य संगीतकाराची, चाल फक्त शीर्षकगीताला. क्यू शीटवर, म्हणजे कुठला तुकडा कुणाचा याच्या यादीत, मात्र संगीतकाराच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत सरच.

२०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर हक्क लिहून दिला तरी रॉयल्टीतला वाटा सुटत नाही. चित्रपटगृह वगळता टीव्ही, रेडिओ, ओटीटी सगळीकडे तो लागू आहे. पण रॉयल्टी गोळा करणारी संस्था आयपीआरएस वाटप करणार ते नोंदलेल्या नावांना. नावच नसेल तर हा कायदा माझ्या काय कामाचा?

ठेका:
नाही पटलं. चॅनेलनं ट्रॅक परत पाठवला की बोलणी कोण खातं? बिल अडकलं तरी सहायकाचे पैसे खिशातून कोण देतं? गोव्याच्या सेबॅस्टियन डिसूझांनी शंकर-जयकिशनच्या गाण्यांचं वाद्यसंयोजन केलं, म्हणून चाली त्यांच्या झाल्या का? संयोजक वेगळा, संगीतकार वेगळा.

मंद्र:
गाण्याला आधी चाल असते, संयोजक तिच्याभोवती बांधतो. पार्श्वसंगीताच्या वेळी समोर फक्त दृश्य असतं. तिथे जो पहिला सूर ठरवतो तोच संगीतकार. आणि गोव्याच्या त्या मंडळींचं उदाहरण देताय म्हणून सांगतो. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलालजींचे व्हायोलिनचे गुरू, स्वतः मोठे संयोजक. त्यांचं नाव घरोघरी गेलं ते १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यामुळे. त्यांच्या स्वतःच्या कामामुळे का गेलं नाही?

कलम५७:
कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ नुसार हक्क विकला तरी 'ही रचना माझी' हे सांगायचा अधिकार उरतोच. पण पुरावा लागतो. प्रोजेक्ट फाइल आणि तारखेचा मेल जपून ठेवा. मूळ चालीवर बेतलेल्या तुकड्याला दोघांची नावं टक्केवारीसकट लावावीत, नव्या तुकड्याला एकट्याचं.

ठेका:
कागदावर छान आहे. रात्री दोनला कोण ठरवणार, तुकडा बेतलेला की नवा? बरेचसे तर जुन्या बँकेतून, म्हणजे आधी करून ठेवलेल्या तुकड्यांच्या साठ्यातून, उचललेले असतात. अशानं संगीतकार सहायक ठेवणंच बंद करतील आणि तयार संगीताची लायब्ररी विकत घेतील. मग कामही गेलं. श्रेयनामावलीत सहायक म्हणून नाव द्या, त्याला माझी ना नाही. रॉयल्टीत वाटा नको.

मंद्र:
फाइलच्या नावात एपिसोड आणि सीन नंबर आम्ही टाकतोच, त्यापुढे आद्याक्षरं जोडायला कितीसा वेळ लागतो? बँकेतला तुकडा पुन्हा वापरला तर आद्याक्षरंही तीच राहतात. श्रेयनामावली ओटीटीवर वाचून होण्याआधीच पुढचा भाग सुरू होतो. मला रकान्यातलंच नाव हवंय. लायब्ररीची भीती घालू नका, तिथले तुकडेही कुणीतरी रचलेलेच असतात.